प्राजकाचा दंड : शंकरपटांतील आसुडाच्या गैरवापरास शासन

(१)

शर्यतींत जनावर हांकणाऱ्यानें आसुडाचा किंवा पराणीचा गैरवापर केला, तर त्यास शासन कोणीं करावें, किती करावें, आणि तें हांकणाऱ्यास करावें कीं जनावराच्या धन्यास, हे प्रश्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत न्यायालयांच्या निकालांमुळें सर्वतोमुखीं झाले आहेत. ते नवे आहेत अशी सामान्य समजूत दिसते. आमच्या मतें ते फार जुने असून आपल्या धर्मशास्त्रकारांनीं व अर्थशास्त्रकारांनीं त्यांचीं उत्तरें बऱ्याच बारकाव्यानें दिलेलीं आहेत. तीं उत्तरें एकत्र मांडून आजच्या नियमांशीं ताडून पाहावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विवेचनास एखादें निश्चित स्थळ असलें म्हणजे तें वाऱ्यावर जात नाहीं. म्हणून आम्हीं जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील पिंपळगांव रेणुकाई हें गांव डोळ्यांपुढें ठेविलें आहे. देवीचें नांव धारण करणारें आणि मिरचीच्या बाजारासाठीं दूरवर माहीत असलेलें हें गांव ज्या टापूंत आहे, तेथें बैलगाडीची वहिवाट प्राचीन आहे. तालुक्याचें ठाणें भोकरदन म्हणजे जुनें भोगवर्धन. तेथील दात्यांचीं नांवें भरहुत व सांची येथील लेखांत आलीं आहेत, आणि १९७३ सालीं तेथें झालेल्या उत्खननानें या नगराची प्राचीनता जमिनींतूनही सिद्ध केली. प्रतिष्ठानाहून उज्जयिनीकडे जाणारा व्यापारी मार्ग याच बाजूनें जात असे. ज्या मार्गावर दोन हजार वर्षें गाड्या चालल्या, तेथें गाडी हांकणाऱ्याच्या हातांतील काठीचा इतिहास शोधणें अप्रस्तुत होणार नाहीं. या गांवच्या एखाद्या विशिष्ट पटाची हकीकत आम्ही सांगत नाहीं. या गांवावरून कोणकोणते कायदे गेले, तें पाहावयाचें आहे.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करूं. मराठवाड्यांत व वऱ्हाडांत बैलजोडीच्या धांवेस शंकरपट, किंवा नुसतें पट, म्हणतात. सरळ आंखलेल्या धांवपट्टीवर हलका छकडा जोडलेली बैलजोडी सोडतात आणि लागलेला वेळ सेकंदांत मोजतात. पुणें जिल्ह्यांतील गाडा याहून निराळा. तेथें घाट चढणाऱ्या गाड्यावर हांकणारा बसलेला नसतो व पुढें घोडी पळत असते. हांकणाऱ्याच्या हाताचा प्रश्न जेथें हांकणारा गाडीवर असतो तेथेंच खऱ्या अर्थानें उद्भवतो. म्हणून आम्हीं पटाचाच विचार केला आहे. हांकणाऱ्यास गाडीवान अथवा धुरकरी म्हणतात. त्याच्या एका हातीं कासरा, दुसऱ्या हातीं आसूड किंवा पराणी.

चाबूक हा शब्द फारसी. मूळ अर्थ चपळ. आसूड हा शेतकऱ्याच्या घरचा शब्द. महात्मा फुले यांनीं १८८३ सालीं पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथाच्या नांवांतच तो घातला. पराणी म्हणजे टोंकास लोखंडी आर बसविलेली काठी. संस्कृतांत अशा काठीस प्राजन व प्रतोद हीं नांवें आहेत. प्र या उपसर्गापुढें अज् म्हणजे हांकणें हा धातु येऊन प्राजन हें साधन व प्राजक हा हांकणारा, असे दोन शब्द झाले. पराणी हा प्राजनाचाच वंशज असावा असें आम्हांस वाटतें. भाषाशास्त्रज्ञांनीं तें तपासावें. तें कसेंही असो, काठी आणि काठी धरणारा यांचीं नांवें एकाच धातूंतून निघावीं, ही गोष्ट पुढील विवेचनास उपयोगी आहे. शास्त्रकारांनीं काठीबरोबर हात पाहिला, तो कसा, तें आतां पाहावयाचें.

(३)

दक्षिणेंतील हांकणाऱ्याची सर्वांत जुनी मूर्ति प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं सांपडली. दोन बैल जोडलेला ब्राँझचा रथ आणि त्यावर उभा असलेला पुरुष, अशी ती सुमारें ४५ सेंटिमीटर लांबीची कृति आहे. वाङ्मयांतील जुना उल्लेख ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील मुद्गलसूक्ताचा. त्यांत मुद्गलाची स्त्री बैल जोडलेल्या रथाचें सारथ्य करून सहस्र गाई जिंकते. सूक्ताचा अर्थ दुर्बोध आहे व त्यावर पंडितांत मतभेद आहेत. तथापि बैलाची धांव, पण आणि सारथी हीं तिन्ही तेथें एकत्र दिसतात.

समारंभांवरील राजाज्ञेचा पहिला पुरावा अशोकाच्या पहिल्या शिलालेखांत आहे. समाज, म्हणजे लोकांचे उत्सवी मेळावे, भरवूं नयेत, कारण त्यांत राजास पुष्कळ दोष दिसतात, असें सांगून लगेच कांहीं समाज राजास मान्य आहेत अशी पुस्ती त्यानें जोडली आहे. सरसकट बंदी, आणि बंदीच्या पोटांत अपवाद! ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतील ही घडण पुढें आपणांस २०१४ ते २०२३ या वर्षांत पुन्हा भेटणार आहे.

दंडाचें माप मात्र कौटिल्यानें दिलें. त्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत शामशास्त्री यांच्या हातीं आली व १९०९ सालीं ग्रंथ छापून निघाला, हें वाचकांस ठाऊकच आहे. ती पोथी कोणी जपली नसती, तर प्रस्तुत लेखाचा हा भाग लिहितांच आला नसता. तिसऱ्या अधिकरणांतील दंडपारुष्याच्या प्रकरणांत तो सांगतो कीं, लहान पशूस काठी वगैरेंनीं दुःख दिल्यास एक किंवा दोन पण दंड. रक्त काढल्यास दुप्पट. मोठ्या पशूंच्या बाबतींत याच प्रसंगीं दंड दुप्पट, आणि शिवाय समुत्थानव्यय. समुत्थानव्यय म्हणजे जनावर बरें होऊन पुन्हा उभें राहीपर्यंतचा खर्च. दुसऱ्या अधिकरणांत, कळपाच्या वळूस दुसऱ्या वळूशीं झुंजविणाऱ्यास पूर्वसाहस दंड आणि त्यांत वळू मारविणाऱ्यास उत्तमसाहस दंड सांगितला आहे. म्हणजे दुःख, रक्त व मृत्यु अशा पायऱ्या, आणि पायरीगणिक चढता दंड, हें तत्त्व तेथें स्पष्ट आहे.

मनुस्मृतींत तीन स्थळें पाहण्याजोगीं आहेत. चौथ्या अध्यायांत स्नातकाच्या आचारांत असें सांगितलें आहे कीं, न शिकविलेल्या, भुकेनें अथवा रोगानें पीडलेल्या, शिंग, डोळा किंवा खूर यांत व्यंग असलेल्या जनावरांच्या वाहनानें जाऊं नये. शिकविलेल्या, वेगवान व सुलक्षणी जनावरांनीं जावें, आणि त्यांस प्रतोदानें फार टोंचूं नये. येथें क्रम महत्त्वाचा आहे. शिकवण आधीं, वेग नंतर, प्रतोद शेवटीं व तोही बेतानें. ज्याचें जनावर शिकलेलें नाहीं त्यासच प्रतोदाचा मारा करावा लागतो, हें त्यांतलें मर्म.

आठव्या अध्यायांत दोन स्थळें आहेत. एक असें : मनुष्यास किंवा पशूस दुःख देण्याच्या बुद्धीनें प्रहार केला असतां जसजसें दुःख मोठें तसतसा दंड मोठा करावा. दुसरें आमच्या विषयाच्या गाभ्याचें आहे. वाहन भलतीकडे जाऊन इजा झाली तर दंड कोणास? हांकणाऱ्याच्या अंगच्या वैगुण्यानें तें घडलें तर धन्यास दोनशें पण दंड, कारण अकुशल मनुष्य त्यानें नेमला. हांकणारा कुशल असेल तर दंड हांकणाऱ्यास. आणि अकुशल हांकणाऱ्याच्या वाहनांत जाणून बसलेल्या प्रत्येकास शंभर पण. हे नियम वाहनानें दुसऱ्यास होणाऱ्या इजेविषयीं आहेत, बैलाच्या पाठीवरील वळांविषयीं नाहींत, हें आम्ही नमूद करतों. त्यांचा विस्तार कोणी ओढून ताणून करूं नये. परंतु त्यांतील विचार सर्वत्र लागू पडणारा आहे. दोष कोणत्या हातीं आहे तें आधीं ठरवावें. कौशल्य असून केलेला अपराध त्या हाताचा, आणि कौशल्य नसलेल्यास पुढें करणें हा धन्याचा.

याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत पशूंस दुःख देणें, रक्त काढणें, अवयव तोडणें अशा चढत्या पायऱ्या घालून दोन पणांपासून क्रमानें दंड सांगितला, व मोठ्या पशूंस तो दुप्पट केला. या स्मृतीवरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या चालुक्य दरबारीं सहाव्या विक्रमादित्याच्या काळीं (१०७६ ते ११२६) लिहिली. त्या राज्याची सत्ता गोदावरीच्या या मुलखावरही होती. तेव्हां या दंडविचारास आम्ही परमुलखांतून आणलेला समजूं नये; तो याच भूमींत विवरिला गेला आहे.

(४)

मधल्या शतकांत शास्त्रापेक्षां लोकमानसाचा पुरावा अधिक बोलका आहे. पैठण येथें ज्ञानदेवांसमोर रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले, ही कथा संतचरित्रांच्या परंपरेनें घरोघर पोंचविली. ती इतिहास म्हणून कोणी स्वीकारो वा न स्वीकारो. आसुडाचा घाव कोणाच्या पाठीवर मोजावयाचा, याविषयींचें या मुलखाचें मत तीत नोंदलेलें आहे. पैठण भोकरदनापासून फार दूर नाहीं. तसाच पोळा. त्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. आदल्या सांजेस खांदेमळणी होते, म्हणजे जुवानें घट्टे पडलेले खांदे तूप-हळदीनें चोळतात. वर्षभर वापरलेल्या खांद्याची ही वार्षिक कबुली होय. समुत्थानव्ययाचेंच हें एक घरगुती रूप म्हणतां येईल.

(५)

इंग्रजी अंमलांत हा विषय नगरांतून सुरू झाला. कलकत्त्यास १८६१ सालीं व मुंबईस १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रूरतेच्या निवारणासाठीं मंडळ्या निघाल्या. मुंबईच्या परळ भागांत बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें पशुरुग्णालय १८८३ पासूनचें. पुढें १८९० चा अकरावा कायदा झाला. सार्वजनिक जागीं जनावरास क्रूरपणें व विनाकारण मारणें, बेसुमार हांकणें किंवा फार ओझें लादणें यांस त्यानें शंभर रुपयांपर्यंत दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद ठेविली.

परंतु पिंपळगांव रेणुकाई तेव्हां निजामाच्या राज्यांत, औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथें आपोआप लागू होत नसे. भोकरदन तालुक्याच्या शेजारचा बुलढाणें मुलूख मात्र १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलेला. म्हणजे दोन शेजारी गांवांच्या बैलांवर दोन राजवटी. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाची सत्ता संपली, १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. एका आजोबाच्या हयातींत एकाच गोठ्यावरून इतक्या सीमा सरकल्या. जुनीं तालुका-दप्तरें कोणत्या कचेरींत गेलीं हें शोधतांना संग्राहकांनीं हा क्रम ध्यानांत ठेवावा.

(६)

१९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा हा पिंपळगांव व बुलढाणें या दोहोंवर सारखा लागू झालेला. त्याच्या अकराव्या कलमांत मारणें, लाथा घालणें, बेसुमार हांकणें हीं सर्व कृत्यें एकत्र असून पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड आहे. १८९० सालीं शंभर रुपयांपर्यंत असलेला दंड सत्तर वर्षांनंतरच्या कायद्यांत पन्नासांवर उतरला, आणि रुपयाची किंमत मधल्या काळांत घसरली ती निराळीच. कौटिल्याच्या पायऱ्याही त्यांत नाहींत. दुःख व रक्त एकाच मापानें मोजलेलें आहे. १९६५ सालीं ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधीं नियम झाले. त्यांनीं अणकुचीदार काठी, खिळ्यांचा लगाम, टोंकदार जूं यांस मनाई केली. म्हणजे पराणीची आर तेव्हांपासून कायद्याविरुद्ध आहे. ती शेतांतून त्या वर्षीं गेली असें मात्र कोणी म्हणणार नाहीं.

पुढील घटना वाचकांच्या आठवणींतील आहेत. म्हणून संक्षेपानें सांगतों. ११ जुलै २०११ रोजीं केंद्र सरकारनें खेळांसाठीं वापरूं नये अशा प्राण्यांच्या यादींत बैल घातला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ति राधाकृष्णन व घोष यांनीं तामिळनाडूंतील जल्लिकट्टू व महाराष्ट्रांतील बैलगाडा शर्यती बंद केल्या. ७ जानेवारी २०१६ रोजीं केंद्रानें सवलत दिली, ती पांचच दिवसांत न्यायालयानें स्थगित केली. २०१७ सालीं महाराष्ट्रानें मूळ कायद्यांत राज्यापुरती दुरुस्ती केली व शर्यतींचे नियम केले. तथापि मुंबई उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं त्यांस अडविलें. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अंतरिम परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. बंदी आणि बंदीच्या पोटांत अपवाद, ही अशोकाची घडण ती हीच.

२०१७ च्या नियमांचा रोख पाहण्यासारखा आहे. आयोजकानें जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करावा, ५० हजार रुपयांची अनामत ठेवावी. धांव १००० मीटरांहून अधिक नसावी. बैलांस पशुवैद्याचा दाखला असावा. गाडीवानानें काठी, चाबूक, टोंचणी अथवा विजेचा झटका देणारें साधन बाळगूं नये. शर्यतीचें चित्रीकरण करून तें अधिकाऱ्यास द्यावें. उल्लंघनास ५ लाख रुपयांपर्यंत दंड अथवा तीन वर्षांपर्यंत कैद. पन्नास रुपयांवरून पांच लाखांवर, म्हणजे दहा हजार पट, ही उडी एका दुरुस्तीनें झाली. तिच्या मधल्या पायऱ्या कोठें आहेत, हा आमचा प्रश्न आहे. पन्नास रुपयांचा दंड हंसण्यावारी जातो. पांच लाखांचा दंड गांवच्या शेतकऱ्यावर लादण्यास कोणाचाही हात कचरतो. दोहोंचें फळ एकच : आसूड उगारलेला हात मोकळा राहतो. शिवाय अनामत, अर्ज, दाखला, चित्रीकरण हा सर्व भार आयोजकावर पडतो. मनूनें जो प्रथम विचारिला तो प्रश्न, दोष प्राजकाचा कीं धन्याचा, येथें मागें पडला आहे.

(७)

परदेशांत याचा जवळचा दाखला म्हणजे अमेरिकेंतील ट्रॉटिंग. दोन चाकांच्या हलक्या गाडीस एक घोडा जोडून त्यास दुडक्या चालीनें पळवितात. सारथी गाडीवर बसलेला असतो. तेथें सारथ्याच्या चाबकाची लांबी नियमानें ४ फुटांवर आणलेली आहे. याहून मार्मिक नियम लगामाचा : सारथ्यानें दोन्ही हातांत एकेक लगाम धरावा. हात लगामांत गुंतला म्हणजे चाबूक उंच उगारतां येत नाहीं. मनाई न करतां मनाईचें काम होतें. सारथ्यास परवाना असतो. चाबकाचा अतिरेक झाला तर मैदानावरचे पंचच त्याचा निकाल करतात. प्रसंग पाहून दंड घेतात किंवा कांहीं दिवस परवाना स्थगित ठेवतात. म्हणजे शासन लहान, तात्काळ, आणि त्या एका हातास. पुन्हा तेंच केलें तर शासन वाढतें, कारण मागील शासनाची नोंद असते.

पटाचा धुरकरी बहुधा गांवचा शेतकरी, क्वचित् नांवाजलेला हांक्या. गांवोगांवच्या पटांत तो फिरतो. एका गांवीं पंचांनीं त्यास बाजूस बसविलें, तर दुसऱ्या गांवीं तें कोणास ठाऊक नसतें. नोंद नाहीं, म्हणून चढतें शासन नाहीं.

(८)

आतां निष्कर्ष. जुन्या ग्रंथांत तीन तत्त्वें आहेत : दंड दुःखाच्या मापानें असावा, तो दोषी हातावर पडावा, आणि दुखापत झालेल्या जनावराच्या उपचाराचा खर्च त्यांत यावा. आजच्या नियमांनीं चौथें तत्त्व आणलें, तें म्हणजे आसूड मुळींच न बाळगणें. तें आम्ही श्रेष्ठ मानतों व त्यापुढें जुन्यांचा बेताचा प्रतोद मागासच ठरतो. परंतु चौथें तत्त्व टिकावयाचें तर पहिल्या तिहींचा आधार त्यास हवा. नुसत्या मनाईनें आसूड बाहींत दडतो.

शेवटीं आमच्या वाचकांस एक विनंति. आपण ताम्रपट, महजर, बखरी जपतां; शंकरपटाचें छापील हस्तपत्रक मात्र आपण बाजाराचा कागद समजून टाकतां. त्याच्या तळाशीं पंचांचा निर्णय अंतिम राहील अशी ओळ असते. ते पंच कोण, त्यांनीं कोणत्या जोडीस कोणत्या कारणानें बाद केलें, वेळ लिहिणाऱ्याच्या वहींत त्या धांवेपुढें कोणती खूण केली, बंदीच्या वर्षांत गांवानें काय अर्ज केले, २०२१ नंतर पहिली परवानगी कोणत्या अटींवर मिळाली, हे कागद आज घरोघर आहेत व दहा वर्षांनीं नसतील. पिंपळगांव रेणुकाई, भोकरदन, पलीकडचें बुलढाणें, या टापूंतील संग्राहकांनीं ते मिळतील तसे जमवावे, तारीख व गांव लिहून ठेवावें, आणि ज्यांच्या घरचे असतील त्यांच्याकडे निदान एक नक्कल परत करावी.

कौटिल्याची पोथी एका ग्रंथालयांत टिकली म्हणून बैलाच्या रक्ताची किंमत दोन हजार वर्षांपूर्वीं कशी मोजीत, तें आपणांस कळलें. आपल्या काळीं ती कशी मोजली गेली, हें पुढच्यांस कळावें असें वाटत असेल, तर त्या वहीची व त्या हस्तपत्रकाची जागा पोथीशेजारींच आहे.